टाचणीताईचा गुडघा

आमच्या कपड्यांच्या दुकानात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. टाचणीताई म्हटलं की झालं. ओठांत चार-पाच टाचण्या धरून ती गिऱ्हाइकाला सांगायची, "सरळ उभे राहा, खाली बघू नका." एकही टाचणी पडायची नाही. माणूस खाली बघतो तेव्हा वाकतो, आणि वाकला की पँटची लांबी चुकते, हे मला तिनेच शिकवलं. मी मागच्या खोलीत मशीनवर. ती पुढे, आरशासमोर, येईल त्याच्या पायाशी गुडघे टेकून. अठ्ठावीस वर्षं.

उजवा गुडघा आधी बोलायला लागला. उठताना स्टूल धरावं लागायचं, आणि गुडघ्यातून येणारा कटकट आवाज मला माझ्या मशीनच्या आवाजातही ऐकू यायचा. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती दोन्ही हातांनी कठडा धरून आडवी आडवी उतरायची. गुडघा बदलावा तर हृदय अधू, मोठ्या ऑपरेशनला डॉक्टर तयार नव्हते. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेजारणीने दिलेलं तेल झालं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते उगीच नाही. चार पायऱ्या चढल्यावर तिच्या कपाळावर घाम यायचा आणि ती म्हणायची, "आज हवाच नाही बघा, मास्तर."

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या दुखण्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळवून दिली. नवरा लवकर गेला, मुलगा एकटीने वाढवला, त्याचं लग्न होऊन नात झाली तरी संध्याकाळचा स्वयंपाक आणि धुणं तिच्याकडेच होतं. गुडघा गेल्यावर सुनेला ते हातात घ्यावं लागलं. ताई खिडकीपाशी बसून शब्दकोडी सोडवायला लागली. दुकानातही मालकांनी तिला बटणं लावायला बसवलं आणि टाचण्या लावायला नवी मुलगी ठेवली. त्या मुलीने एका डॉक्टरणीच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड केला. कपडे परत यायला लागले. मालक ताईच्या गुडघ्याकडे पंक्चर झालेल्या टायरकडे बघावं तसे बघायचे.

मग मुलाने एक नवा उपचार शोधून काढला. गुडघ्याच्या दुखण्याचा निरोप नेणाऱ्या बारीक नसा सुईने तापवून बंद करायच्या. कापाकापी नाही, पूर्ण भूल नाही. आधी चाचणी म्हणून त्या नसांपाशी नुसतं बधिरतेचं औषध टोचलं. त्याने दुखणं थांबलं तरच पुढचं करायचं होतं. त्या दिवशी तिला आठ तास आराम पडला. ती तिन्ही मजले सरळ, तोंड पुढे करून उतरली आणि काही काम नसताना पुन्हा चढली.

खऱ्या उपचाराची हकिगत तिने दुकानात सगळ्यांना रंगवून सांगितली. "गुडघ्याखाली उशी. वर एक्स-रेचं धूड. पडद्यावर बघून तीन ठिकाणी सुया घातल्या. आधी झिणझिण्या आणून विचारतात, इथे का, इथे का? पाय उडत नाही ना ते बघतात. मग तापवतात. वेल्डिंगच म्हणा की! अठ्ठावीस वर्षं मी लोकांना टाचलं, त्या दिवशी डॉक्टरने मला टाचलं."

नर्स पट्ट्या लावत होती, तेव्हा डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून काहीतरी समजावत होते. काय, ते ताईने विचारलं नाही. मुलाने सांगितलं, "झालं आई. नस जाळली. आता विषय संपला."

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. ताईचं आलं होतं मुंगीच्या पावलांनी, वर्षानुवर्षं. गेलं मात्र तीन आठवड्यांत. गुडघ्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर राहिली, ती म्हणायची, "कातडीवर अस्तर लावल्यासारखं वाटतं." बाकी काही नाही. ती दुकानात आली तीच चालून दाखवत.

पंधरवडाही गेला नसेल, सून म्हणाली, "आई, आता दुखत नाही ना? मग शाळेतून हिला तुम्हीच आणत जा." मग धुणं आलं. मग बाजारातल्या पिशव्या, तिसऱ्या मजल्यापर्यंत. खिडकीपाशी कपडे वाळत घालायचा स्टँड आला, तेव्हा खुर्ची गच्चीवर गेली. दुकानात मालक गोड आवाजात म्हणाले, "ताई, आता खाली बसता येतं ना? त्या पोरीला काही जमत नाही हो."

ती बसली. कोणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. आपल्यावाचून दुकानाचं अडतं, याचं तिला सुख होतं. आणि मलाही झालं. टाचण्या पुन्हा सरळ रेषेत यायला लागल्या, माझी उसवाउसवी थांबली. गुडघा तोच होता, त्याची झीज तीच होती, फक्त तो आता ओरडत नव्हता. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण सुचून माझं कामच वाढलं असतं.

दहाव्या महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाची पँट अर्धी टाचली आणि गुडघ्यात अशी कळ आली की तिला उठताच येईना. मी आणि मालकांनी काखेत हात घालून उभी केली.

घरी सांगितलं तर मुलगा हसला. "आई, तारच तोडलीय. घंटा वाजेल कशी?"

सून आतून म्हणाली, "काम सांगितलं की वाजते."

हे ताईने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, बटणांचा डबा उगाच खालीवर करत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी नवा फोटो जुन्याशेजारी लावला. मलाही फरक दिसला.

"आजी, तुम्ही गुडघ्यावर बसत होता का?"

"कामच ते आहे माझं."

"पण मी बजावलं होतं. गुडघा बरा झालेला नाही, फक्त दुखणं कळेनासं झालंय. गुडघे टेकायचे नाहीत, जिने आणि ओझी कमी, मांडीचे व्यायाम रोज. आणि नस पुन्हा वाढते. कुणाची सहा महिन्यांत, कुणाची वर्षा-दीड वर्षाने. हे सगळं सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तुमच्या मुलाला."

"गुडघा माझा होता ना?" ती म्हणाली. "मी आतच होते. नुसती पडले होते. कान चालू होते माझे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. भला माणूस असावा.

घरी तिने मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं असेल. मला वाटलं, तू घाबरशील. आणि तू काय व्यायाम करणार होतीस थोडीच!" भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून नातीला आणायला तीच गेली.

मालकांकडे तिने एकच गोष्ट मागितली. आरशासमोर दोन फूट उंचीचा लाकडी चौथरा करा, गिऱ्हाईक वर उभं राहील, मी स्टुलावर बसून टाचेन. दोन फळ्या आणि चार खिळ्यांचं काम. मालक म्हणाले, "दुकानाची शोभा जाईल, ताई." तिने मनगटाची पिनकुशन काढून माझ्या मशीनवर ठेवली आणि चपला घातल्या.

तोच उपचार तिने पुन्हा करून घेतला. स्वतःच्या पैशाने, घरी न सांगता. या वेळी पट्ट्या लावून होईपर्यंत तिने डॉक्टरांना खोलीबाहेर जाऊ दिलं नाही, आणि प्रत्येक सूचना त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतली. महिन्याभरात दुखणं पुन्हा थांबलं.

घरी मात्र ती लंगडतेच आहे.

हात-शिलाईचं काम मी तिला घरी नेऊन देतो. गेल्या खेपेस सुनेने दार उघडलं, ताई भिंत धरत बाहेर आली. सून कामाला निघून गेली. जिन्यातले पाय वाजायचे थांबले तशी ताई भिंत सोडून ताठ चालत माझ्यासमोरून गेली, खिडकीपर्यंत आणि परत.

"बघा, मास्तर. एवढं बरं वाटतंय, आणि घरात सांगायची सोय नाही."

"नातीलाही नाही?"

ती खुर्चीत बसली. खुर्ची गच्चीवरून परत आली होती. "तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत घरभर होईल. लहान आहे ती. मैदानावर चल म्हणून मागे लागायची. मी म्हणायची, दुखतंय गं." तिने सुईत दोरा ओवला. "आता मागे लागत नाही."

मी तयार कपडे पिशवीत भरले. टाके नेहमीसारखेच सुबक होते. दाराशी आलो तेव्हा खालून शाळेतून आलेल्या नातीची हाक आली, आणि ताईने उठताना भिंतीवर हात ठेवला.