लाल थेंबाच्या पलीकडे

आत्याने ती रेकॉर्ड मुद्दाम फोडली, असं सगळीकडे झालं होतं. म्हणजे बापाची थाप उघडी पडायला नको म्हणून. जुन्या जॅझची वेडी माणसं दर रविवारी सकाळी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायची, तिथून ही बातमी निघाली आणि आत्याच्या सख्ख्या भावापर्यंत आली तेव्हा तिला शेपूटही फुटलं होतं: म्हणे हातोडीने फोडली.

पहिली गोष्ट, रेकॉर्ड फुटलेली नव्हती, चिरली होती. कडेपासून बोटभर आत. दुसरी गोष्ट, हातोडी नाही, ब्रेक. आत्या मोटार चालवायला शिकवते. तिच्या गाडीत तिच्या पायापाशी दुसरा ब्रेक आहे, आणि तिची उजवी टाच त्यावर कायम अशी टेकलेली असते, जशी मांजर उंदराच्या बिळापाशी. त्या दिवशी एक दाढीवाला शिकाऊ गृहस्थ "मॅडम, भिंत येतेय" असं म्हणत भिंतीकडेच निघाला. आत्याने ब्रेक हाणला. भिंत वाचली, गृहस्थ वाचला, मागच्या सीटवरची रेकॉर्ड पुठ्ठ्यासकट खाली आली.

पण थापेचं काय, तर तो भाग मात्र अफवेने अगदीच हवेतून काढला नव्हता.

आत्याचे वडील तरुणपणी एका हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचं म्हणणं, एकदा मोठ्या बँडचा नेहमीचा क्लॅरिनेटवाला ऐन याच रेकॉर्डच्या वेळी तापाने पडला आणि त्याच्या जागी यांना बसवलं. रेकॉर्डवर नाव नाही. पुरावा नाही. होती ती एक छाती, आणि ती पुढे काढून म्हणायचं एक वाक्य: "दुसऱ्या बाजूला शेवटी जो क्लॅरिनेट आहे ना, तो कोण? अस्मादिक!" घरात कुणाचाच विश्वास नव्हता. भाचीने तर त्या वाक्याची नक्कल अशी बसवली होती, की आजोबा गेल्यावरही ते जेवणाच्या टेबलावर हजर असायचे. खोकला, छाती, "अस्मादिक!" आणि सगळे खो खो. आत्या तेवढी हसायची नाही. पाणी वाढायला उठायची.

त्या दुकानाच्या मालकांचं, म्हणजे चष्मेवाल्यांचं, मत ठरलेलं: तो बँडचाच नेहमीचा माणूस, ज्याला ही मंडळी 'गिड्डा' म्हणत. आत्या म्हणायची, माझे वडील. हा वाद इतका जुना होता, की तो सुरू झाला तेव्हा चष्मेवाल्यांना केस होते.

शेवटी ठरलं, येत्या रविवारी निकाल लावायचा. चिरलेली रेकॉर्ड आणखी किती फेऱ्या झेपेल याचा भरवसा नव्हता. आत्याने वडिलांचं वाद्यही आणायचं, मास्तर ते तपासतील. मास्तर म्हणजे निवृत्त बँडमास्तर. शिट्टी वाजवणाऱ्या कुकरलासुद्धा "तू वर जातोस" असं सांगणारा माणूस.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याने पेटी उघडली. मखमल उंदरांनी खाल्लेली, पण काळं लाकूड अजून चकाकत होतं. फडक्याने पुसत पुसत ती टोकाला आली आणि थांबली. अगदी शेवटचं भोक बंद करणारी किल्ली मोडलेली होती. आजची नव्हे. मोडलेल्या जागी गंज बसला होता, आणि बाकीच्या किल्ल्या बोटांनी झिजल्या होत्या तशी ती झिजलेलीच नव्हती. वडिलांनी हे वाद्य मोडक्या किल्लीसकटच जुन्या बाजारातून घेतलं होतं. "खालच्या सुराशी आपलं जमत नाही" असं ते हसत म्हणायचे. आत्याला वाटायचं, ती गंमत आहे.

भाची शेजारी पाय हलवत बसली होती. "काय गं, भूत बघितलंस?"

"शेवटचा सूर," आत्या म्हणाली. "रेकॉर्डवर तो खाली खाली येत जिथे टेकतो ना, तो क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर. मास्तरांनी केव्हाच सांगितलंय, त्याच्या खाली वाद्यच संपतं."

"मग?"

"ही किल्ली नसेल तर तो सूर निघतच नाही. आणि दुसरं वाद्य त्यांनी जन्मात हातात धरलं नाही."

भाचीचे पाय थांबले. मग ती हळूच म्हणाली, "कुणाला कळणारे? पेटी हरवली म्हण. उंदरांनी नेली म्हण."

आत्या फडक्याची घडी घालत राहिली.

"नाही सांगणार तू. लाव पैज."

"काय लावतेस?"

"तू म्हणशील ते."

"बघू," आत्या म्हणाली आणि पेटी बंद केली. खटका दोनदा दाबावा लागला.

रविवारी चष्मेवाल्यांच्या खोलीत अक्षरांच्या तक्त्याखाली चावीचा ग्रामोफोन तयार होता. त्याच्या वेगाच्या दांडीवर चष्मेवाल्यांच्या दिवंगत पत्नीच्या नेलपॉलिशचा लाल थेंब: दांडी इथेच राहील, हलवायची नाही. रेकॉर्ड ऐकायची ती याच यंत्रावर, हा नियम. सीडीवर तेच गाणं चढ्या सुरात लागतं असं कुणी नवखा बोलला, की सगळे मिळून त्याला गप्प करत: "सीडीवाले गाणं भरधाव पळवतात!"

"आणलीत, बाई?" चष्मेवाले म्हणाले. "म्हटलं, हीही ब्रेकखाली गेली की काय."

आत्याने पेटी टेबलावर ठेवली, उघडली आणि कुणी हात लावायच्या आत मोडक्या किल्लीवर बोट ठेवलं. "ही पहिल्यापासून मोडकी आहे. खालचा सूर यातून निघत नाही. आधीच सांगते, नंतर नको."

चष्मेवाले जिंकले होते, आणि त्यांना ते आवडलेलं दिसत नव्हतं.

"मग... मिटलंच की," ते पुटपुटले.

"मिटलं कसं?" मास्तर उखडले. "मी वाद्य वाजवून बघितलंय? लावा रेकॉर्ड."

सुई टेकली. पियानो, ड्रम आणि दर फेरीला चिरेची ट्टक. प्रत्येक ट्टकला आत्याची टाच जमिनीवर दाबली जात होती. क्लॅरिनेट खाली आला, टेकला. मास्तरांनी म्हाताऱ्या वाद्यात फुंकर घातली आणि तोंड वाकडं केलं. "हे पियानोशी जमतच नाहीये. दोन सुरांच्या मध्ये लोंबकळतंय. बेसूर डबडं!"

"डबडं म्हणू नका," आत्या म्हणाली.

मास्तरांनी स्वतःचा क्लॅरिनेट काढला. पुन्हा रेकॉर्ड. ट्टक. ट्टक. चीर आता दोन बोटं झाली होती. मास्तरांनी वाजवलं, थांबले, आपल्याच वाद्याकडे संशयाने बघितलं. तेही लोंबकळत होतं.

मग चष्मेवाले म्हणाले, "मास्तर, तुमची वाद्यं दोन, माझं यंत्र एक. चुकत असेल तर तेच."

"अहो, भलतंच काय!"

पण चष्मेवाल्यांनी खिशातून चष्म्याचे स्क्रू पिळायचा इवलासा पेचकस काढला होता. तो लाल थेंबापाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. याच थेंबाच्या भरवशावर त्यांनी कितीतरी नवख्यांना गप्प केलं होतं, कितीतरी वादकांना 'हा तो नव्हेच' म्हणून बाद केलं होतं.

"राहू दे, चष्मेवाले," आत्या म्हणाली.

"तुम्ही पेटी उघडलीत ना?" ते म्हणाले आणि थेंब खरवडला.

दांडी केसभर सरकली. रेकॉर्ड जरा चपळ झाली, गाणं चढलं. मास्तरांनी पियानोत आपला सूर मिसळला. "अजून. अजून थोडं. हां! बस!" आता त्यांनी आत्याच्या वडिलांचा क्लॅरिनेट ओठांना लावला. रेकॉर्डवरचा क्लॅरिनेट खाली खाली येऊ लागला, ट्टक, आणखी खाली, ट्टक, आणि टेकला. मोडक्या किल्लीच्या अलीकडच्या भोकावर मास्तरांनी तोच सूर धरला. दोघांचा मिळून एकच आवाज झाला. म्हणजे तो सगळ्यात खालचा सूर नव्हताच, त्याच्या एक घर वरचा होता; त्याला मोडकी किल्ली लागतच नव्हती.

त्याच क्षणी आत्याने सुई उचलली. आणखी एक फेरी चिरेने सोसली नसती.

"म्हणजे तेच?" मागून कुणीतरी विचारलं.

"तेच, असं मी म्हणणार नाही," चष्मेवाले म्हणाले. "गिड्डाही असू शकतो. पण ते नसतीलच, हे आता म्हणता येत नाही." ते रेकॉर्ड्सच्या कपाटाकडे बघत राहिले. "बाई, हे सगळं परत ऐकावं लागेल."

"ऐकू की," आत्या म्हणाली. "मी येतेच आहे."

दाराबाहेर भाची उभी होती. आत्याने पेटी तिच्या हातात दिली. "सांगितलं मी. हरलीस."

"बरं. बोल, काय द्यायचं?"

"अस्मादिक," आत्या म्हणाली. "ते परत काढायचं नाही. कधीच."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर भाचीचे वडील हसत म्हणाले, "हं, काढ गं आजोबा!" भाचीने, म्हणजे हे लिहिणारीने, खोकलासुद्धा गिळला आणि पाणी वाढायला उठली.