खाडीचा वळसा

सध्या मी जळगावात मुलाकडे राहतो आणि रोज सकाळी समुद्राच्या कडेने चालतो. जळगावात समुद्र नाही हे मला माहीत आहे. इथे मे महिन्यात नळाच्या पाण्यानेही हात भाजतो. मी चालतो ते मशीनवर. सुनेने ते बाळंतपणानंतर घेतलं होतं. आठ-पंधरा दिवस ती चालली असेल, नंतर त्यावर टॉवेल आणि मुलाच्या पँटी वाळायला लागल्या. मला साखर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि बाहेर ऊन, कुत्री आणि मोटारसायकली. मग सुनेने एक दिवस कपडे उचलले आणि मला म्हणाली, "या आबा, चढा."

"कुठे जायचं?" मी गमतीने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथे," ती म्हणाली. तिने मोबाइल दांडीला टेकवला. त्यात रस्ते होते. मशीनवर जेवढं चालावं तेवढं त्या रस्त्यावर आपण पुढे सरकतो आणि मधूनमधून तिथले फोटो दिसतात. हिमालय होता, परदेशातले कुठले कुठले होते. मग ती म्हणाली, "हा बघा, कोकणचा किनारा. रेवसपासून रेडीपर्यंत. समुद्र सारखा उजव्या हाताला."

मी म्हटलं हाच लाव. आणि पाणी पिऊन येतो म्हणून आत गेलो, कारण माझं तोंड तिला दाखवायचं नव्हतं. माझी बायको वारली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिला आयुष्यात एकच गोष्ट बघायची होती, आणि ती मी तिला दाखवली नाही.

सडक खात्यात मी मैलकुली होतो. रस्त्याचा एक तुकडा आपल्याकडे असतो. त्यातले खड्डे बुजवायचे, साइडपट्टीला मुरूम टाकायचा, गटारी उपसायच्या, दगडांना रंग द्यायचा. माझा तुकडा धुळ्याहून सोनगीरला जाताना लागायचा. शाळा चौथीत सुटली. आकडे मला चांगले येतात, किलोमीटरच्या दगडांवर काढून काढून आले. अक्षरं जेमतेम. हे लिहिलंय त्याच्या काना-मात्रा सुनेने बघितल्या आहेत, बाकी काही बदलायचं नाही असं तिला बजावलंय.

सोनगीरच्या बाजारात सुक्या मासळीवाली बसायची. बोंबील, सुकट, कधी सोडे. माझी बायको पाव किलो घ्यायची आणि त्यासाठी अर्धा तास उभी राहायची. पोत्यात तोंड घालून वास घ्यायची. घरी चुलीवर बोंबील भाजताना विचारायची, "हाऊ वास मासाना शे का समुद्रना?"

मी म्हणायचो, "मला काय माहीत. मी काय समुद्रात पोहतो?"

"समुद्रनं पानी खरंच खारं ऱ्हास का हो?"

"हो."

"तुम्ही देखेल शे?"

मी बघितलेला नव्हता. आजही नाही. पण तिला तसं सांगितलं नाही. म्हटलं, "माणसं सांगतात."

नोकरी होती तोवर मी म्हणायचो रिटायर झाल्यावर जाऊ. रिटायर झालो तेव्हा गल्लीतली माणसं बस करून चार दिवसांसाठी कोकणात चालली होती. आम्हाला दोन जागा ठेवल्या होत्या. तिने नवी चप्पल आणली. आणि मी नाही म्हणालो. आता लपवून काय करायचं, मला भीती वाटत होती. उभा जन्म एकाच रस्त्यावर काढला. पाट्या वाचायला मला वेळ लागतो. परक्या गावात लॉजवर उतरायचं, कुणाला काही विचारायचं तर चार लोकांत आपलं अडाणीपण दिसणार. हे तिला सांगायची लाज वाटली. म्हणून मी तिला दुसरंच सांगितलं.

ती भडगावकडची. माहेर गिरणेच्या काठी. लहानपणी पुरात डोंगा कलंडला आणि तिची मावशी तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. तेव्हापासून ती कुठल्याही होडीत बसत नसे. कुणी नुसतं नाव काढलं तरी पदर तोंडाला लावायची. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "तिकडे जागोजाग खाड्या आहेत. होडीत बसल्याशिवाय समुद्र दिसतच नाही. बसशील?"

ती चप्पल पुसत होती. हात थांबला. म्हणाली, "मी डोंगामा नही बसस." आणि चप्पल परत खोक्यात ठेवली.

मला कोकणातल्या खाड्यांचं काहीच माहीत नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो आणि ते बरोबर बसलं.

पावसाळ्यात तिची समजूत काढायला मी तिला तापीचा पूर दाखवायला नेलं. म्हटलं पाणी ते पाणी. ती पुलाचा कठडा धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हाई पानी तं चालनं जास. समुद्र तठेच ऱ्हास." वाहून जाणारं पाणी तिला समुद्र वाटलंच नाही. त्यानंतर तिने कधी विषय काढला नाही. मुलगा नोकरीला लागल्यावर म्हणाला, आई मी तुला नेतो, तर तिनेच सांगितलं, नको रे बाबा, होडीत बसावं लागतं. मी तिथेच खाटेवर बसलेलो होतो. मी गप्प राहिलो.

तर मी चालायला लागलो. पहिले काही दिवस दांडी बसच्या दांडीसारखी धरायचो. सून ओरडायची, चप्पल घालून चालू नका, बूट घाला. फोटो दिसले की माझं लक्ष जायचं रस्त्याकडेच. साइडपट्टी खचलीय, मोरी बुजलीय, डांबराची कड तुटलीय. मी मोठ्याने बोलायचो. सून स्वयंपाकघरातून म्हणायची, "आबा, तुम्ही रिटायर झालात. जरा उजवीकडे बघा, तिकडे समुद्र आहे."

उजवीकडे मी बघत नव्हतो. बायको सोबत असल्याशिवाय बघणं बरं वाटत नव्हतं.

मुरुडच्या पुढे आगरदांडा आला. तिथे फोटोत एक मोठी बोट होती, तिच्यावर मोटारी आणि मोटारसायकली उभ्या. नकाशात रस्ता तुटलेला आणि पाण्यावर ठिपक्यांची रेघ. मी मशीन बंद केलं.

"काय झालं? चक्कर येतेय का?" सून धावत आली.

"इथे बोटीत बसायचंय का?"

"पंधरा मिनिटांची तर बोट आहे, पलीकडे दिघी."

"आम्ही नाही बसत बोटीत."

ती हसली. "आबा, बोट मोबाइलमध्ये आहे. तुम्ही आमच्या हॉलमध्ये आहात."

"जमिनीवरून रस्ता आहे का ते बघ."

तिने बघितलं. होता. आत म्हसळ्यावरून वळसा घालून दिघीला जाणारा चांगला डांबरी रस्ता. मी सोफ्यावर बसलो. मी बायकोला थाप म्हणून जे सांगितलं होतं ते खरं निघालं होतं, खाड्या होत्या, बोटी होत्या. आणि त्याच वेळी ते खोटंही निघालं होतं, कारण रस्ता होता. मैलकुलीला हे कळायला पाहिजे होतं. पाण्यापाशी रस्ता संपला तर वर जाऊन कुठेतरी पूल असतोच. नाहीतर गावं जगतील कशी?

मी सुनेला वळशाचे किलोमीटर विचारले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतले. ते चालून संपवले, मगच दिघी धरली. पुढे बाणकोटला तेच, आंबेतच्या पुलावरून फिरून आलो. दाभोळला तेच, त्यात तर चिपळूणपर्यंत आत जावं लागलं. कितीतरी दिवस समुद्राचं नाव नाही, नुसता घाट आणि झाडी. मोबाइलला ह्यातलं काही कळत नव्हतं. मी वळशावर असलो तरी तो मला किनाऱ्यावरच पुढे ढकलायचा. मी त्याला ढकलू दिलं. माझा हिशेब कॅलेंडरवर होता. सून मी जिथे असेन तिथले फोटो वेगळे काढून दाखवायची. का, ते तिने विचारलं नाही. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला वेळ घालवायला काहीतरी पाहिजे.

मागच्या महिन्यात एका सकाळी मोबाइलमधून फटाके वाजले. पडद्यावर एक पदक गरगर फिरायला लागलं. रेडी आली होती, किनारा संपला होता. सुनेने लगेच मुलाला फोन केला. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला.

"आबा, अख्खं कोकण पालथं घातलंत. आता खरंच जाऊ. शनिवार-रविवार धरून रजा टाकतो, गाडी काढू."

"मी अजून पोचलो नाही," मी म्हणालो. "मी जयगडच्या खाडीच्या अलीकडे आहे."

त्याने कॅलेंडर बघितलं. सुनेने त्याला वळशांचं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याला राग आला. दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून आलेला माणूस.

"म्हणजे अजून दोन-तीन महिने तुम्ही इथेच गोल फिरणार. समोर गाडी उभी आहे, समुद्र आहे, मी न्यायला तयार आहे. तुम्हाला जायचंच नसतं कधी. आईलाही तुम्ही नेलं नाही."

सून म्हणाली, "अहो, हळू."

"हळू काय? ती बिचारी होडीला घाबरायची, पण ह्यांनी एकदा तरी समजावलं का तिला?"

पेढ्याचा खोका टेबलावर तसाच उघडा होता. मी त्याला म्हणालो, "बस." तो बसला नाही. मग तो उभा असतानाच मी सांगितलं. होडीचं मी तिला खोटं सांगितलं होतं. मला परक्या मुलखाची भीती वाटायची, तिला नाही. तिची भीती मी वापरली. ह्या खाड्या मी तिच्यासाठी पायी वळसा घालून चालतोय, म्हणजे तिला एकदाही होडीत बसावं लागू नये. दोन खाड्यांच्या मध्ये तिला उभं करून मी तुझ्या गाडीतून समुद्रावर जाणार नाही.

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. मला वाटलं मुलगा तसाच आत निघून जाईल आणि मग आमच्यात बोलणं राहणार नाही. त्याला तो हक्क होता. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"मी नेतो म्हणालो होतो तेव्हा तुम्ही तिथेच होतात," तो म्हणाला.

"होतो."

"तेव्हा तरी बोलायचं."

"हो."

त्याने पेढा खाल्ला नाही, मीही नाही. सून आत जाऊन भाकरी थापायला लागली. जेवताना तो एवढंच म्हणाला, "जयगडचा पूल किती आत आहे?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्या वळशावर लागलो. आता मला चालताना ती फार आठवते. घरात एवढी नाही आठवत. धुळ्याचं घर आवरताना तिच्या साड्या नणंदांना वाटल्या तेव्हाही मी कोरडाच होतो. पण मशीनवर पाय चालायला लागले की ती लागलीच मागे येते. आमच्यात बाई मागून चालायची. बाजारातून येताना ती चार पावलं मागे, मी पुढे, आणि तिला काही सांगायचं असलं तर ती आधी खोकायची. चाळीसेक वर्षं मी तिचा आवाज पाठीवर ऐकला. ती चालताना कशी दिसायची ते मला सांगता येणार नाही, कारण मी कधी वळून बघितलंच नाही. तिचा चेहरा आठवायचा तर ती बसलेली आठवते, नाहीतर उभी. चालतानाची एकदाही आठवत नाही. हे मला मशीनवर चढेपर्यंत कळलं नव्हतं.

कधी मी दोन मिनिटं वेग कमी करतो. कुणी खोकतंय का बघतो. पट्ट्याची घरघर येते, खाली भंगारवाल्याची आरोळी येते.

परवा सकाळी कॅलेंडरच्या हिशेबाने पूल आला. मी सुनेला हाक मारली. तिने पोळ्यांचा हात पुसून मोबाइलवर फोटो काढून दिला. साधा पूल, खात्याचा वाटावा असा. खाली रुंद, मळकट पाणी, एका बाजूला चिखल आणि खुरटी झाडं. समुद्र नव्हता, पण भरतीचं पाणी इथपर्यंत येतं असं सुनेने वाचून दाखवलं. मी चालायला लागलो. पट्टा अरुंद असतो. मी डाव्या कडेला सरकलो, आणखी सरकलो. पाय बाजूच्या पत्र्याला घासला.

"आबा, मधोमध चाला," सून म्हणाली. "पडाल."

"जागा ठेवतोय," मी म्हटलं. "तिला कठड्याजवळून नाही चालवायचं, खाली होडी दिसली तर घाबरते. पण मागेही नाही ठेवायचं."

गॅसवर पोळी करपल्याचा वास आला तरी सून गेली नाही. तिने मशीनच्या दांडीवर हात ठेवला, मी पडलो तर धरता यावं म्हणून, आणि तशीच शेजारी उभी राहिली. मी वेग अगदी कमी केला. पूल संपायला बराच वेळ लागला.

पलीकडे गेल्यावर मी मशीन बंद केलं आणि उतरलो. ह्या पुढे किनाऱ्याने आणखी खाड्या आहेत, मला माहीत आहे. त्यांचे पूल आता आम्ही दोघं गाडीतून जाताना बघू. सुनेला म्हणालो, "त्याला फोन लाव. सांग, रजा टाक म्हणावं. आणि पुढच्या सीटवर मी बसणार नाही, मागे बसेन. शेजारी कुणी बसायचं नाही."