दाजी आणि खोकल्याची साथ

खोकणाऱ्या माणसाला आमच्या दाजींइतका भिणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात नसेल, आणि त्यांनी पेशा निवडला तो खोकणाऱ्यांच्याच घशात डोकावण्याचा. बारामतीत त्यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना. भूल द्यायला माझी ताई. श्वासनळीत दुर्बीण घालायची वेळ आली की दाजी आधी खिडक्या उघडत, मग माणसं हाकलत. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही, जीप भरून भावकी येते, आणि तिच्यातली निम्मी आत काय चाललंय ते बघायलाच आलेली असते. दाजी सगळ्यांना अंगणात बसवत. "मला ओळखलं नाही वाटतं?" असं एक पुढारी गुरगुरले, तेव्हा दाजी म्हणाले, "ओळखलं की! सर्दी झालीय तुम्हाला. लांब उभे राहा." मी त्या काळी समतेची पत्रकं वाटत हिंडायचो, पण इतकी चोख समता मला सभेतसुद्धा दिसली नव्हती.

नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात सोमेश्वरनगरपासून इंदापूरपर्यंत ताप-खोकल्याची साथ पसरली आणि दाजींच्या सावधगिरीला ऊत आला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा सोड्याच्या पाण्यात घासून घासून त्यांनी काचेसारख्या केल्या आणि इलास्टिक लावून तोंडासमोर बांधल्या. तशीच एक बांधून ते मंडईतही गेले. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, वेल्डिंगचं काम काढलं व्हय?" दाजींनी मेथीची जुडी हात लांब करून घेतली.

त्याच साथीत वडगाव निंबाळकरचं एक तापलेलं पोर आलं. शेंगदाणा श्वासनळीत अडकलेला, छाती भात्यासारखी चाललेली. सोबत आजोबा आणि अख्खी जीप.

"माजा नातू हाय त्यो. मी हात धरून बसतो," आजोबा दारातच अडले. "मला काय हुत न्हाय!"

"आबा, आत आम्ही तिघंच. मी, ही आणि नर्सबाई. नळी आत असताना पोरगं खोकलं तर थेट माझ्या तोंडावर. तेवढा खोकला मी घेतो. तुम्ही सगळे कशाला वाटून घेता?"

आणि मग ते शांतपणे फिल्म बांधू लागले. मी भडकलो. "दाजी, पोराचे ओठ निळे पडलेत आणि तुम्ही इलास्टिक कसलं ओढताय?"

"आम्ही दोघं आडवे झालो तर पुढच्या पोराला नळी कोण घालणार? तुझं पत्रक?"

दार लागलं. अंगणात कुणी तंबाखूसुद्धा मळली नाही. बऱ्याच वेळानं आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. दाजी दारात आले तेव्हा फिल्मवर पोराच्या खोकल्याचे थेंब होते. आजोबा मिठी मारायला धावले, तसे दाजी मागं सरकले. "आबा, लांबूनच!" आजोबांनी बिचाऱ्यांनी पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

त्या दिवसापासून दाजी आणि ताई दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहिले, आणि चार वर्षांची भाची माझ्याकडे. रोज संध्याकाळी मी तिला अंगणात नेई.

"बाबा, आता येऊ?"

"उद्या हं, बाळा." खिडकीतून रोज तेच.

पोरगं घरी जाऊन खेळायला लागलं. या दोघांनाही काही झालं नाही. शेवटी एका सकाळी दाजी तोंडावर फिल्म न बांधता बाहेर आले, उकिडवे बसले आणि त्यांनी हात पसरले. भाची पळत निघाली आणि मध्येच थबकली.

"बाबा, तुम्हाला खोकला नाही ना?"

"नाही गं."

ती तरीही जागची हलेना. अख्ख्या भावकीला अंगणात बसवणारा तो माणूस हात तसेच पसरून धुळीत बसून राहिला, ती येईपर्यंत.