सविताताईंनी लिहिलेलं पान

सविताताई लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायच्या आणि समोर जो असेल त्याला विचारायच्या, "हे वाचून आता तू काय करशील?" त्याला सांगता आलं नाही, तर वाक्य पुसून टाकायच्या. केडगावातल्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत त्या प्रोग्रॅम कसा वापरायचा ते सांगणारी मॅन्युअल लिहायच्या आणि शेजारच्या टेबलावर मी प्रोग्रॅम तपासायचे. इंजिनिअर असून लिहिण्याचं काम त्यांनी मागून घेतलं होतं.

त्या मूळच्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या. ऑफिसात शुद्ध बोलायच्या, पण मजकूर पटला नाही की गावाकडची भाषा यायची. "ह्ये लई गुळगुळीत झालं. हाताला काय लागंना." कुणी काही ठासून सांगितलं की त्यांचा प्रश्न तयार असे, "तू बघितलंस, का तुला वाटतंय?" यातून साहेबांचीही सुटका नव्हती. काही जण त्यांना टाळायचेच.

आमचा प्रोग्रॅम दवाखान्यांचे एक्स-रे साठवतो. एका दवाखान्यात तो मध्येच गोठायला लागला. पेशंट टेबलावर, डॉक्टर पडद्यासमोर आणि एक्स-रेचा पत्ता नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्या निखिलनं कारण शोधलं. मेमरी कमी पडली की कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत साठलेला डेटा डिस्कवर लिहायला देते आणि जागा मोकळी करते. पण लिहिणारा आमचाच प्रोग्रॅम होता, आणि लिहिण्यासाठी त्यालाही थोडी मेमरी लागत होती. मग सिस्टिम आणि प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत बसायचे. 'हा प्रोग्रॅम स्वतःच लिहिण्याच्या कामात आहे, मेमरी देताना त्याच्यावरच अडून राहू नको,' असं सिस्टिमला सांगायची सोय असते. निखिलनं ती वापरली. त्यासाठी लागणारी खास परवानगी मात्र दवाखान्याच्या माणसानं तिथल्या कॉम्प्युटरवर द्यायची होती.

"ताई, मॅन्युअलमध्ये 'परवानगी द्या' एवढी एक ओळ टाका," निखिल म्हणाला.

"आणि न्हाई दिली तर?"

"तर प्रोग्रॅम चालूच होणार नाही."

"बघितलंस, का वाटतंय?"

ताईंनी मला बोलावलं. एका जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही परवानगी न देता प्रोग्रॅम लावला. तो निमूटपणे सुरू झाला, छान चालला. मग आम्ही मेमरी भरत नेली आणि तो पहिल्यासारखाच गोठला. परवानगी नसल्याचं त्यानं कुठंही सांगितलं नव्हतं.

साहेब वैतागले. "ताई, दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आजच पाठवायचं कबूल केलंय."

"पाठवा की. पण तिथं मशीन अडकलं, तर वाचणाऱ्याच्या शेजारी तुमी नसणार, मी बी न्हाई. फकस्त ह्ये पान असणार."

साहेबांनी दवाखान्याला फोन करून मुदत मागून घेतली. परवानगी नसेल तर कारण सांगून थांबायचं, असं निखिलनं प्रोग्रॅमला शिकवलं. परवानगी कशी द्यायची, ती लागू झाली हे कसं ओळखायचं आणि कुठल्या प्रोग्रॅमला ती देऊ नये, हे सगळं ताईंनी एका पानात बसवलं. दुपारचा डबा त्यांनी उघडला तेव्हा ऑफिस सुटत आलं होतं. त्या दवाखान्यातून पुन्हा तक्रार आली नाही.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि सविताताई गेल्या. मी मिरजगावला भेटायला गेले. त्यांच्या आईनं मला जवळ बसवलं आणि विचारलं, "पोरी, माझी सविता हापिसात नेमकं काय करायची गं? ती सांगायची, पर मला उमजायचं न्हाई."

मी एक्स-रेची गोष्ट सांगितली. त्या मधे मधे थांबवत होत्या. मेमरी म्हणजे काय, कोण कुणाची वाट बघत होतं, पान कुणी वाचलं. प्रत्येक वेळी मी आणखी सोपं करत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "व्हय, आता कळलं." पदरानं डोळे पुसून त्यांनी दाराबाहेर हात केला.

"तिचा बाप तिकडं बांधावर बसलाय. ती गेल्यापून घरात थांबत न्हाई, कुनाशी बोलत न्हाई. त्येला बी सांगतीस का? आसंच सांग, हळूहळू."

मी चपला घातल्या आणि बांधाकडं निघाले.