मागं हाय मी

सकाळी फिरून येताना मी मैदानाच्या कट्ट्यावर टेकलो. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ असतो, त्यातल्याच एकाचा सराव चालला होता. समोरच्या बाजूच्या गोलकीपरकडे चेंडू जाताच लाल जर्सीतला पुढचा खेळाडू त्याच्यावर धावून गेला, पण निम्म्या वाटेत त्यानं मागं वळून पाहिलं. तेवढ्यात चेंडू निसटला.

कोच त्याला काही बोलले नाहीत, मागच्यांवर ओरडले. "ह्याला प्रेसिंग म्हणायचं? तो चढला की सगळ्यांनी चढायचं. आणि तोंडानं सांगायचं!"

पुढच्या खेपेला तो धावला तेव्हा पाठीमागून आवाज आला, "जा रं म्होरं, मी हाय!" त्यानं वळून पाहिलं नाही. गोलकीपर गडबडला आणि त्यानं भिरकावलेला चेंडू मागून चढलेल्याच्या पायात पडला.

पुढच्याचं धाडस त्याच्या एकट्याचं नसतंच म्हणायचं. मागून आवाज लागतो, आणि तो मनातल्या मनात देऊन भागत नाही. घरात आपण नेमकं तेच करतो.

घरी बायको स्कूटर पुसत होती. स्कूटरवरून पडल्यापासून ती रोज पुसते, चालवत नाही. मी सायकल काढली. "चल मंडईपर्यंत. मागं आहे मी."

आरशात बघत बघत ती हळू निघाली. चढावर मला दम लागला, अंतर वाढत गेलं. तरी मी भर रस्त्यात ओरडत राहिलो, "मागं हाय गं मी!"

तिनं आरशात बघायचं केव्हाच सोडलं होतं.