अण्णांची पिस्तूल-खरेदी

माझ्या सासऱ्यांना अडुसष्टाव्या वर्षी पिस्तूल घ्यायचं होतं.

घाबरू नका. हवेवर चालणारं, छर्ऱ्याचं. दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटवर मारतात ते.

आज अण्णांना जाऊन एक वर्ष झालं, म्हणून लिहितेय. रडारड करणार नाही. त्यांना चालायची नाही.

रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक देवळात जायला लागतात. अण्णा शूटिंग क्लबात जायला लागले. आमच्या खंडेराव गेटच्या घरून सायकलवर, गळ्यात मफलर, खिशात छर्ऱ्यांची डबी.

क्लबचं पिस्तूल जुनं, सतरा हातांतून गेलेलं. तरी अण्णा त्यानं झकास मारायचे.

मग नेम चुकायला लागला. कधी क्लबवाले तेल घालत नाहीत, कधी छर्रे हलके आहेत, कधी ट्यूबलाइट डोळ्यांवर येते.

एक दिवस जेवताना जाहीर केलं, "मी इंपोर्टेड पिस्टल घेतो. दिल्लीला जाऊन पहले चालवून बघणार, मग घेणार."

निखिल, म्हणजे माझा नवरा, ताटावरून उठायचाच बाकी होता.

"अण्णा, आपले पूर्वज फौजेबरोबर शिपाई म्हणून इकडे उत्तरेत आले, मान्य. पण तुम्ही रेल्वेत होतात, मी विमा कंपनीत आहे."

किंमत कळल्यावर तर त्यानं दिल्लीला यायला साफ नकार दिला.

मग दिल्लीला कोण जाणार? मी. साताऱ्याहून या घरात सून म्हणून आले तेव्हापासून नको ती कामं माझ्याच वाट्याला येतात.

दुकान बेसमेंटमध्ये होतं. मागच्या बाजूला ट्रायलसाठी छोटी रेंज. बांगड्या भरताना कासार पंजा दाबून बघतो, तसा दुकानदारानं अण्णांचा हात दाबून बघितला आणि मापाच्या लाकडी मुठीचं पिस्तूल पुढे ठेवलं.

अण्णांनी चालवलं. "ग्रिप ठीक नाही."

दुसरं. "ट्रिगर सख्त आहे."

तिसरं. "आगे से भारी है भैया."

दुकानदार सोशिक होता. मला मात्र हसू येत होतं. सासूबाईसुद्धा बडा बाजारात साडी घेताना दुकानदाराला इतकं नाचवत नाहीत.

मग अण्णा म्हणाले, "सबसे महंगी वाली दिखाइए."

त्या पिस्तुलाच्या पेटीत एक कागद होता. कारखान्यात पिस्तूल शिकंज्यात आवळून मशिननं छर्रे मारतात आणि ते टार्गेट गिऱ्हाइकाला सोबत देतात. सगळे छर्रे एकाच भोकातून गेलेले. अण्णांनी तो कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

मग उभे राहिले आणि मारले. छर्रे चार दिशांना गेले. एक तर कागदाच्या बाहेर.

यावेळी त्यांनी काहीच खोट काढली नाही. पिस्तूल खाली ठेवलं, उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

हात थरथरत होता. घरी तो हात कायम खिशात नाहीतर पाठीमागे असायचा. का, ते मला तिथे कळलं.

"बेटा, हेच बघायचं होतं," अण्णा म्हणाले. "क्लबच्या पिस्टलला नावं ठेवता येतात. हिला काय ठेवणार?"

मला भडभडून आलं. अण्णांना नाही. ते दुकानदाराकडे वळले.

"लेफ्ट हैंड की ग्रिप आती है?"

"आती तो है बाबूजी, मंगवानी पड़ेगी. पर आप तो राइट हैंडर हैं."

"था," अण्णा म्हणाले.

आणि तेच घेतलं. सगळ्यात महागडं.

घरी आल्यावर निखिलला पिस्तुलाचं अण्णांनी सांगितलं, हाताचं मी. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. डाव्या हाताचा सरावही.

दात डाव्या हातानं, दाढी डाव्या हातानं. एकदा आरतीचं तबक डाव्या हातात घेतलं तेव्हा सासूबाईंनी पळी फेकून मारली. त्यांचाही नेम चुकला.

पुढच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात अण्णांना ब्राँझ मिळालं. स्वेटरवर मेडल लटकवून दतिया गेटपर्यंत मिरवून आले. गटात तीनच स्पर्धक होते, हे घरातल्या कुणीही बाहेर फोडलं नाही. निखिलनं तर पेढे आणले.

त्या दिवशी ते इतके खूश होते की मला त्यांचा हेवा वाटला.

नंतर सायकल सुटली. मी स्कूटीवरून सोडायला लागले.

मग डावा हातही गेला. हळूहळू.

शेवटच्या वेळी क्लबात गेलो तेव्हा मी मागे खुर्चीवर बसले होते. अण्णांनी सावकाश सगळे छर्रे मारले. बटण दाबलं, टार्गेट सरकत जवळ आलं.

कागद कोरा होता.

अण्णा त्या कागदाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"बेटा, पिस्टल बिघडली का?"

दोष द्यायला जागाच उरू नये म्हणून दिल्लीपर्यंत गेलेला माणूस मला हे विचारत होता.

"हो अण्णा," मी म्हणाले. "हवा लीक होतेय."

पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरचा काटा 'फुल'वर होता. मला दिसत होता. त्यांनाही दिसत होता.

"हाँ, वही तो," अण्णा म्हणाले, आणि पेटी बंद करायला माझ्याकडे दिली.

अण्णा, तुमची फार आठवण येते. नमस्कार करते.