परक्या देवीची वात

आमच्या देवळात देवीची पूजा पुरुषच करतात. पूर्वज महाराष्ट्रातून पुजारी म्हणून झाशीत आले, तेव्हापासूनची ही रीत. फुलं निवडायची, चंदन उगाळायचं, वाती वळायच्या, दिवे घासून तेल घालून ठेवायचे, ही कामं मात्र बाईची. मी एकुलती एक, त्यामुळे बाबांच्या हाताखाली सगळं शिकले. मंत्रसुद्धा ऐकून ऐकून पाठ झाले. फक्त गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नाही.

बाबांचे हात कापायला लागले तसं घरात ठरलं, की येत्या नवरात्रापासून पूजा चुलतभावाकडे जाणार. चुलतभाऊ झाशीजवळच्या मऊरानीपुरात धान्याचा व्यापार करतो. माणूस भला आहे, पण आरतीचं दुसरं कडवं आलं की नुसतेच ओठ हलवतो. मी भांडले. पूजा मला हवी होती आणि तसं मी तोंडावर सांगितलं. "रीत आहे," एवढंच बाबा म्हणाले. चाळिशी उलटलेल्या बाईला दोन शब्दांत गप्प करता येतं, याचाच मला जास्त संताप आला.

तो संताप घेऊनच मी चीनला गेले. झाशीबाहेर बिजौलीतल्या ज्या कारखान्यात मी माल तपासते, तिथे नवं यंत्र यायचं होतं आणि ते आधी चालवून बघायला मला पाठवलं होतं. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा तिथली माझ्याच वयाची एक तंत्रज्ञ बाई मला ताइशान पर्वतावर घेऊन गेली. ताओ पंथाची माणसं हा पर्वतच देव मानतात. पायथ्यापासून शिखरापर्यंत दगडी पायऱ्या आणि वळणावळणावर देवळं. ती फोनमध्ये चिनी बोलायची आणि फोन मला हिंदीत सांगायचा. रोपवेने जाऊ म्हणाली. मी म्हटलं, झाशीची आहे, चालत येईन. अर्ध्या वाटेवर मांड्या भरून आल्या, तेव्हा मात्र झाशीचं नाव मनातल्या मनात ठेवलं.

एका वळणावर देवीचं लहानसं देऊळ होतं. लाल भिंती, दारातल्या झाडाला बांधलेल्या नवसाच्या लाल फिती. उंबरा चांगला गुडघाभर उंच, आणि त्यावर पाय न देता तो ओलांडायचा. हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. आत निळ्या झग्यातली एक वयस्क बाई फुलं बदलत होती. केसांचा डोक्यावर अंबाडा, त्यात लाकडी काडी. मी सोबतिणीला विचारलं, ही सेविका का? ती म्हणाली, नाही, पुजारीच. मी बघतच राहिले.

बघता बघता माझं लक्ष दिव्याकडे गेलं. वातीवर काजळी धरली होती, ज्योत फडफडत होती. पुढचं मला नीट आठवतही नाही. चिमटीने काजळी झाडली, वात सारली, दिवा किंचित कलता करून तेल वातीशी आणलं. सोबतीण ओरडली तेव्हा कळलं, की देवीपुढचा कठडा ओलांडून मी थेट देवीच्या पायाशी उभी आहे. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते. मी दोन्ही कान पकडले.

पुजारीण जवळ आली. आधी ज्योतीकडे बघितलं, मग माझ्या तेलकट बोटांकडे. सोबतिणीच्या फोनवर काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "आप कितने साल से पुजारी हैं?"

मी म्हटलं, मी पुजारी नाही, माझे वडील आहेत. तिला वाटलं फोन चुकला, म्हणून तिने तेच परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग तिचा तिसरा प्रश्न आला, "फिर ये हाथ किसने सिखाया?"

"वडिलांनीच."

तिने तेलाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि बाकीचे दिवे दाखवले. मी सगळे नीट केले. एकही वात विझू दिली नाही. इतका अभिमान मला माझा कधीच वाटला नव्हता, आणि बाबांचाही.

झाशीला आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. आधी ते चिडले. "परक्या देवीच्या गाभाऱ्यात घुसलीस?"

"घुसले. आणि तिथली पुजारी बाई आहे."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबा म्हणाले, "त्या बाईंनी शेवटी काय विचारलं गं?" मी तो प्रश्न सांगितला, आणि माझं उत्तरही. त्या आठवड्यात त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं, आणि एकदा शेजारच्यांना बोलावून त्यांच्यासमोर माझ्याकडून वदवून घेतलं. मग एका सकाळी त्यांनी चुलतभावाला स्वतः फोन लावला. "नवरात्रात ये, पण दर्शनाला ये. पूजेचं बघायला घरचं माणूस आहे."

घटस्थापनेच्या सकाळी मी गाभाऱ्यात होते आणि बाबा बाहेर सतरंजीवर बसले होते. नेहमी येणारी एक म्हातारी आली आणि त्यांना तिथे बघून गोंधळली. "काय, आज भीतर पंडितजी नइयां का?"

"पंडितजी भीतर ही हैं," बाबा म्हणाले. "हमारी बिटिया है. जाओ, दर्शन कर लो."

म्हातारी उंबऱ्याशी आली, क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तिने ओंजळ पुढे केली. मी तिला तीर्थ दिलं.